शिकवलेले की पढवलेले?

दहावीच्या मराठीच्या कृतिपत्रिकेत उताऱ्याखाली एक कृती असते. तिचे नाव स्वमत. उतारा वाचून त्या विषयावर विद्यार्थ्याला स्वतःला काय वाटते ते त्याने आपल्या शब्दांत लिहावे, एवढीच अपेक्षा. पाठांतराच्या जुन्या रोगावर हा चांगला उतारा होता. आता दहावीतल्या कोणत्याही मुलाचे दप्तर उघडून पाहावे. गाइडमध्ये प्रत्येक पाठाचे स्वमत तयार छापलेले असते. क्लासच्या नोट्समध्ये ते पुन्हा असते, महत्त्वाच्या शब्दांखाली रेघ मारून. वर्गाच्या वहीत फळ्यावरून उतरवलेले तिसरे स्वमत सापडते. शेजारच्या बाकावरच्या मुलीच्या वहीतही नेमके तेच. चाळीस वह्यांमध्ये 'मला असे वाटते की' या शब्दांपुढे एकच मत, एकाच विरामचिन्हांसह.

आपली शाळा मुलांना शिकवते की पढवते, हा प्रश्न पालकांना पडतो तो बहुधा इतिहासाच्या पुस्तकावरून किंवा शाळेतल्या एखाद्या कार्यक्रमावरून. पण त्याचे उत्तर शोधायला सुरुवात या वहीपासून करावी. 'पढवणे' हा शब्द मराठीत दोघांसाठी वापरतात, पोपटासाठी आणि साक्षीदारासाठी. पढवलेल्या साक्षीदाराला उत्तर अचूक येते, पण उलटतपासणीत 'कशावरून?' असे विचारले की तो अडखळतो. शिकलेल्या माणसाचे उत्तर कधी चुकेलही, पण त्या उत्तरापर्यंत आपण कसे आलो, ते त्याला सांगता येते. शाळेची परीक्षा घ्यायला हा एक फरक पुरतो. पुस्तकात काय छापले आहे, याहून मुलाने 'कशावरून?' विचारल्यावर वर्गात काय घडते, हे जास्त महत्त्वाचे आहे.

हा फरक चांगल्या मतांनाही लागू पडतो, आणि हे पटायला थोडे अवघड जाते. एक शिक्षिका वर्गात हळदीने रंगवलेला पांढरा कपडा आणते. त्यावर चुन्याच्या निवळीचे चार थेंब टाकते. पिवळ्यावर लालभडक डाग उमटतो, मुले दचकतात. मग ती प्रत्येक गटाला कपडा आणि निवळी देते, साबणाच्या पाण्यानेही करून पाहायला सांगते, लिंबाच्या रसाने डाग पुन्हा पिवळा होतो हे दाखवते. शेवटी विचारते, उद्या कोणी तुमच्या दारात असा लाल डाग पाडून करणी झाली म्हणाले, तर काय कराल? त्याच गावातले दुसरे गुरुजी फळ्यावर लिहितात, 'करणी, भानामती हे थोतांड आहे,' आणि सांगतात, उतरवून घ्या, परीक्षेला येते. दोघांचे म्हणणे एकच आहे आणि खरे आहे. पण पहिल्या वर्गातल्या मुलांच्या हातात कसोटी आली. दुसऱ्या वर्गाला नुसते एक वाक्य मिळाले, आणि उद्या कोणी अधिक अधिकारवाणीने उलटे वाक्य लिहून दिले तर ती मुले तेही तितक्याच निमूटपणे उतरवून घेतील.

पुस्तकांवरून होणारे वाद मात्र बहुतेक वेळा पुस्तकात काय छापले यापाशीच थांबतात. पुण्याचे राज्यशास्त्रज्ञ सुहास पळशीकर यांचा अनुभव यासाठी पाहण्यासारखा आहे. २००५ चा राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा प्रा. यशपाल यांच्या अध्यक्षतेखाली तयार झाला. त्याच्या आधारे एनसीईआरटी या केंद्रीय संस्थेने राज्यशास्त्राची नवी पुस्तके काढली, आणि पळशीकर व योगेंद्र यादव त्यांचे मुख्य सल्लागार होते. धडे सांगण्याऐवजी विचारायला लावायचे, म्हणून या पुस्तकांत जुनी व्यंगचित्रे घातली होती. अकरावीच्या पुस्तकात व्यंगचित्रकार शंकर यांचे १९४९ चे एक चित्र होते. संविधान गोगलगाय होऊन सरपटते आहे, त्यावर बसलेल्या डॉ. आंबेडकरांच्या हातात चाबूक आहे आणि मागे नेहरूंच्या हातातही. संविधान तयार व्हायला जवळजवळ तीन वर्षे का लागली, हा धड्यातला मुद्दा होता.

२०१२ च्या मे महिन्यात त्या चित्रावरून संसदेत गदारोळ झाला. बाबासाहेबांच्या पाठीमागे उगारलेला चाबूक पाहून अनेकांना झालेले दुःख खरे होते, ते नाकारण्याचे कारण नाही. पण वर्गात त्या दुःखाचीही चर्चा होऊ शकली असती. तसे झाले नाही. तेव्हाच्या सरकारने माफी मागितली, चित्र मागे घेतले, दोन्ही सल्लागारांनी राजीनामे दिले आणि पुणे विद्यापीठातल्या पळशीकरांच्या कार्यालयाची मोडतोड झाली. पुढे दिल्लीत सत्तापालट झाला. कोविडनंतर 'अभ्यासाचा भार कमी करण्यासाठी' म्हणून २०२२-२३ मध्ये याच पुस्तकांतून बरेच काही वगळले गेले. बारावीच्या इतिहासातून मुघल दरबाराचा धडा गेला. बारावीच्या राज्यशास्त्रातून, गांधीहत्येनंतर राष्ट्रीय स्वयंसेवक संघावर काही काळ आलेल्या बंदीचा उल्लेख गेला. २०२३ च्या जूनमध्ये पळशीकर आणि यादव यांनी एनसीईआरटीला कळवले की, या पुस्तकांवरून आमची नावे काढा. एकच अभ्यासक, एकच पुस्तकमाला, आणि दोन वेगवेगळ्या पक्षांच्या राजवटी. मुलाने प्रश्न विचारण्याची भीती कोणा एकाच बाजूला वाटते, असे समजणाऱ्या पालकाने हा क्रम लक्षात ठेवावा.

वगळणे हे पढवण्याचे सर्वांत न दिसणारे साधन आहे. खोटे छापले तर ते कोणी तरी पकडते, पण जे छापलेच नाही ते कोणाला दिसणार? त्याच काटछाटीत केंद्रीय मंडळाच्या, म्हणजे सीबीएसईच्या, दहावीच्या विज्ञानातून उत्क्रांतीचा भाग गेला आणि मूलद्रव्यांच्या आवर्ती वर्गीकरणाचा धडाही गेला. अठराशेहून अधिक वैज्ञानिक आणि शिक्षकांनी एप्रिल २०२३ मध्ये निषेधाच्या पत्रावर सह्या केल्या. उत्क्रांती बारावीच्या जीवशास्त्रात राहिली, असे उत्तर मिळाले. पण दहावीनंतर वाणिज्य किंवा कला शाखेला जाणारा मुलगा बारावीचे जीवशास्त्र कधी उघडणार? ज्या घरातले मूल सीबीएसईच्या शाळेत जाते, त्या घराला एक साधा उपाय करता येईल. राज्य मंडळाच्या दहावीच्या 'विज्ञान आणि तंत्रज्ञान भाग २' या २०१८ साली आलेल्या पुस्तकात पहिलाच धडा आनुवंशिकता व उत्क्रांतीचा आहे. बालभारतीच्या संकेतस्थळावर पाठ्यपुस्तके पीडीएफ स्वरूपात मोफत मिळतात. तो धडा उतरवून घ्यावा आणि सुटीत मुलासोबत वाचावा.

राज्य मंडळाच्या पालकांनीही निर्धास्त राहू नये. २०१७ मध्ये सातवीच्या इतिहासाचे पुस्तक बदलले. मराठ्यांचा इतिहास केंद्रस्थानी आला आणि मुघल काळ आक्रसला. महाराष्ट्रातल्या मुलाने आपल्या मातीचा इतिहास आधी आणि सविस्तर शिकावा, यात गैर काहीच नाही. पण प्रतिपक्ष आखडला की आपला पराक्रमही समजेनासा होतो. औरंगजेब १६८१-८२ च्या सुमारास दक्षिणेत उतरला तो पुन्हा उत्तरेत गेलाच नाही. १७०७ मध्ये अहमदनगरजवळ मेला आणि खुलताबादेत पुरला गेला. संभाजी महाराजांची हत्या, राजाराम महाराजांचे जिंजीकडे प्रयाण, ताराराणींनी हाती घेतलेली लढाई हा सारा पंचवीस वर्षांचा झगडा केवढ्या मोठ्या साम्राज्याशी होता, त्याचा महसूल किती, फौज किती, कारभार कसा, हे मुलाला ठाऊक नसेल तर त्याच्या मनात अभिमान उरेल, पण त्या अभिमानाला आधार उरणार नाही. आपल्या बाजूची गोष्टसुद्धा अर्धी शिकवली की मुलाचे नुकसानच होते.

तर पालकांनी नेमके करायचे काय?

जून महिन्यात नवी पुस्तके घरात येतात. खाकी कागद, कात्री, चिकटपट्टी घेऊन घरातले कोणी तरी कव्हरे घालायला बसते. त्याच संध्याकाळी इतिहास, नागरिकशास्त्र आणि भाषेचे पुस्तक पालकाने चाळावे. मुलाची परीक्षा घ्यायची म्हणून नव्हे, स्वतःसाठी. २०१७ च्या फेब्रुवारीत राज्य मंडळाच्या बारावीच्या समाजशास्त्राच्या पुस्तकातले एक पान समाजमाध्यमांवर फिरू लागले. मुलगी कुरूप किंवा अपंग असेल तर तिचे लग्न जमणे कठीण होते आणि वरपक्ष जास्त हुंडा मागतो, अशा आशयाचा मजकूर तिथे हुंड्याचे कारण म्हणून छापला होता. दोष मागणाऱ्याच्या पदरात न घालता मुलीच्या चेहऱ्यावर ठेवणारे ते वाक्य त्याआधी कितीतरी मुलींनी परीक्षेसाठी पाठ केले असेल. पुस्तक हजारो घरांत होते. मोठ्यांपैकी फार थोड्यांनी ते उघडले.

पुस्तक चाळताना दोन-तीन गोष्टी शोधाव्यात. एखाद्या जातीला, धर्माला, प्रदेशाला किंवा स्त्रियांना प्रत्येक ठिकाणी एकच विशेषण चिकटले आहे का? एखादी महत्त्वाची गोष्ट सांगताना ती कशावरून कळली, म्हणजे पत्र, शिलालेख, बखर, सरकारी कागद, नाणे, याचा कुठे उल्लेख आहे का? आणि धड्याखालचे प्रश्न कसे आहेत? बालभारतीच्या परिसर अभ्यासाच्या पुस्तकांत 'सांगा पाहू', 'करून पहा', 'जरा डोके चालवा' अशा चौकटी असतात. या चौकटी पुस्तकाचा प्राण आहेत. मुलाच्या वहीत त्या चौकटींचे काय झाले, हे पाहावे. बहुतेक वह्यांत त्या वगळलेल्या असतात, कारण त्या परीक्षेला येत नाहीत.

पुस्तक चांगले असूनही वर्गात पढवणे कसे चालते, याचे ठळक उदाहरण राज्य मंडळाच्या दहावीच्या इतिहासात आहे. पुस्तकाचे पहिले दोन धडे इतिहासलेखनावर आहेत, एक पाश्चात्त्य परंपरेचा आणि एक भारतीय परंपरेचा. इतिहास वेगवेगळ्या दृष्टिकोनांतून कसा लिहिला जातो, वसाहतवादी इतिहासकार काय पाहतो आणि राष्ट्रवादी काय, स्त्रियांच्या आणि वंचितांच्या बाजूने पाहिले की काय निराळे दिसते, हे पंधरा वर्षांच्या मुलाला सांगणारे धडे आहेत. देशातल्या कोणत्याही शालेय पुस्तकाने अभिमान बाळगावा, असे. त्यांत रेने देकार्त येतो, ज्याने संशय ही विचाराची पहिली पायरी मानली. आणि वर्गात या देकार्ताचे होते काय? तो रिकाम्या जागेच्या कंसातला एक पर्याय होतो. आधुनिक इतिहासलेखनाचा जनक कोण, तर व्हॉल्टेअर, बरोबर, एक गुण. संशय घ्यायला शिकवणाऱ्या माणसाचे नाव मुले एकदाही संशय न घेता पाठ करतात. यात पुस्तक लिहिणाऱ्यांचा दोष नाही. दोष परीक्षेचा आहे, आणि त्या परीक्षेतल्या टक्क्यांखेरीज काही न विचारणाऱ्या आपणा पालकांचा आहे.

शिक्षकांची बाजू इथे मांडायलाच हवी. साठ मुलांचा वर्ग, पस्तीस-चाळीस मिनिटांची तासिका, मतदार याद्यांपासून सर्वेक्षणांपर्यंतची शाळाबाह्य कामे, आणि वर्गात बोललेल्या एखाद्या वाक्याचे चित्रण बाहेर फिरेल ही भीती. अशा परिस्थितीत फळ्यावर उत्तर लिहून देणे हाच सुरक्षित मार्ग ठरतो. प्रश्नांना वाव देणारा शिक्षक आज धाडस करत असतो. त्याला पालकांचे पाठबळ लागते. वर्गात गांधी-आंबेडकरांमधल्या पुणे कराराच्या मतभेदाची चर्चा झाली म्हणून शाळेत तक्रार घेऊन जाणारे पालक त्या शिक्षकाला पुढच्या वर्षी गाइडमधलेच उत्तर लिहून द्यायला भाग पाडतात.

वादाचा विषय वर्गात कसा हाताळावा, याचा एक आटोपशीर नियम जर्मनीत तयार झाला. हिटलरच्या काळात शाळांनी काय केले, याची जखम त्या देशाला होती. १९७६ मध्ये बॉइटल्सबाख या छोट्या गावी वेगवेगळ्या राजकीय मतांचे शिक्षणतज्ज्ञ जमले. त्यांच्या चर्चेतून तीन तत्त्वे निघाली, आणि तिथले नागरिकशास्त्राचे शिक्षण आजही त्यांवर उभे आहे. पहिले तत्त्व असे की, विद्यार्थ्याला दडपून किंवा भारावून टाकून त्याच्या गळी मत उतरवायचे नाही. दुसरे, अभ्यासकांत आणि राजकारणात ज्यावर वाद आहे, ते वर्गातही वादाचे म्हणूनच मांडायचे. आणि तिसरे, समोरच्या परिस्थितीत आपले हित कशात आहे हे ओळखून त्यासाठी काय करता येईल, याचा विचार विद्यार्थ्याला स्वतःला करता आला पाहिजे.

ही तत्त्वे आपल्याकडच्या शाळेला जशीच्या तशी लावून पाहता येतात. गावाजवळ धरण किंवा महामार्ग होऊ घातला आहे. प्रकल्पाचे पाणी कोणाला, जमीन कोणाची जाणार, भरपाईचा कायदा काय म्हणतो, हे दोन्ही बाजूंच्या कागदांवरून मुलांनी मांडले तर ते शिक्षण. मुलांच्या हातात फलक देऊन त्यांना मोर्चात उभे केले, मग मोर्चा प्रकल्पाच्या बाजूचा असो की विरोधातला, तर ते पढवणे.

पण प्रत्येक गोष्टीला दोन बाजू असतात, असेही शिकवू नये. पृथ्वी गोल आहे, लसीने देवी रोग जगातून गेला, अस्पृश्यता संविधानाच्या कलम १७ ने संपवली आणि ती पाळणे गुन्हा आहे, यांना 'दुसरी बाजू' देणे म्हणजे मुलांची दिशाभूल करणे. इंग्लंडमध्ये १९९६ च्या शिक्षण कायद्याने शाळेत पक्षीय मतांचा प्रसार करायला मनाई केली आहे आणि राजकीय विषय समतोलाने मांडण्याचे बंधन घातले आहे. २००७ मध्ये तिथल्या एका शाळेच्या व्यवस्थापन सदस्याने, हवामान बदलावरचा अल गोर यांचा माहितीपट शाळांतून दाखवायला हरकत घेतली. न्यायालयाने माहितीपटातली मुख्य वैज्ञानिक मांडणी ढोबळमानाने बरोबर मानली, नऊ ठिकाणी त्यात शास्त्रीय मतापलीकडे गेलेली विधाने दाखवली आणि शिक्षकांसाठी टिपणे जोडून तो दाखवायला परवानगी दिली. बंदी नाही आणि आंधळा प्रसारही नाही. कुठे विज्ञान संपते आणि कुठे वक्त्याचा आवेश सुरू होतो, ते मुलांना दाखवून देणे, हे शाळेचे खरे काम आहे.

मूल्ये शिकवणे म्हणजेच पढवणे, असाही एक आक्षेप येतो. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकातली चित्रे बदलली, आईबरोबर वडीलही भाजी निवडताना दिसू लागले, तेव्हा तो घेतला गेला. पण त्याआधीची चित्रे, ज्यांत आई कायम चुलीपाशी आणि बाबा कायम पेपर वाचत, ती काही कमी शिकवत नव्हती. ती चित्रे नजरेला सवयीची झाली होती, एवढेच. शाळा मूल्यांविना चालत नाही. कोणती मूल्ये, हे मात्र कोणाच्या लहरीवर सोडलेले नाही. संविधानाच्या कलम ५१-क मध्ये वैज्ञानिक दृष्टी, मानवतावाद आणि जिज्ञासेचा विकास हे नागरिकाचे कर्तव्य सांगितले आहे. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या २००९ च्या कायद्यातले कलम २९ म्हणते की, अभ्यासक्रम संविधानातील मूल्यांशी सुसंगत हवा, मूल भयमुक्त असावे आणि त्याला आपले मत मोकळेपणाने मांडता यावे. मुलाला मत मांडू देणे हा शाळेचा मोठेपणा नाही, ते तिच्यावरचे कायदेशीर बंधन आहे.

धर्माच्या बाबतीत पालकांनी कलम २८ वाचून ठेवावे. पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत धार्मिक शिक्षण देता येत नाही. सरकारमान्य किंवा अनुदानित शाळेत ते असेल, तर अल्पवयीन मुलाला त्यात पालकांच्या संमतीवाचून बसवता येत नाही. मात्र धर्मांविषयी शिकणे आणि धर्माची दीक्षा घेणे यांत फरक आहे, आणि तो सर्वोच्च न्यायालयाने २००२ च्या अरुणा रॉय खटल्यात मान्य केला आहे. सगळ्या धर्मांची ओळख करून देणारा पाठ म्हणजे कलमाचा भंग नव्हे.

देशप्रेमाच्या बाबतीत १९८६ चा बिजो इमॅन्युएल खटला प्रत्येक मुख्याध्यापकाने वाचावा असा आहे. केरळमधली यहोवाज् विटनेसेस पंथाची तीन भावंडे प्रार्थनेच्या वेळी राष्ट्रगीत गात नसत, पण ते चालू असताना आदराने उभी राहत. १९८५ च्या जुलैमध्ये त्यांना शाळेतून काढले गेले. सर्वोच्च न्यायालयाने त्यांना परत शाळेत घ्यायला लावले. राष्ट्रगीत गायलाच हवे अशी सक्ती करणारा कायदा नाही आणि आदराने उभे राहणाऱ्या मुलांनी अपमान केलेला नाही, असा निकाल न्या. चिन्नप्पा रेड्डी यांनी दिला. आपल्या मुलाने रोज मनापासून राष्ट्रगीत म्हणावे, असे बहुतेक घरांना वाटते आणि वाटावेच. पण न म्हणणाऱ्या मुलालाही त्याच रांगेत जागा आहे, हे शिकणे त्याच राष्ट्राबद्दलच्या प्रेमाचा भाग आहे.

शाळेत जायची वेळ आली तर कसे जावे? एकट्याने किंवा दोघांनी, वही घेऊन, वर्गशिक्षकांकडे. 'बाई, या धड्यात हे विधान आहे, ते कोणत्या साधनावरून आले हे मुलांना शोधायला देता येईल का?' असे विचारले तर बहुतेक शिक्षकांना बरे वाटते. वीस जणांचा घोळका, हातात मोबाइल आणि तोंडात एखाद्या संघटनेचे नाव घेऊन गेले की संवाद संपतो, मग मुद्दा कितीही रास्त असो. शिक्षकांशी बोलून भागले नाही तर मुख्याध्यापक, आणि मग शाळा व्यवस्थापन समिती. सरकारी शाळेच्या या समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असावे लागतात आणि निम्म्या जागा स्त्रियांच्या असतात. अनुदानित शाळांतही समिती असते, तिचे काम सल्ला देण्याचे असते. पुष्कळ ठिकाणी ती कागदावरच राहते, कारण पालक बैठकीला जात नाहीत. विनाअनुदानित शाळेत पालक-शिक्षक संघात विषय मांडावा. त्यापुढे गटशिक्षणाधिकारी आणि शिक्षणाधिकारी आहेतच. पुस्तकातल्या मजकुराबद्दल काही म्हणायचे असेल तर पुण्याच्या बालभारतीला पान क्रमांक आणि पुराव्यासह लिहावे. पत्र शांत आणि नेमके असले की ते वाचले जाण्याची शक्यता वाढते. 'घरी सांगायचे नाही' असे मुलांना बजावले जात असेल, किंवा वेगळे मत लिहिले म्हणून मुलाचा वर्गात पाणउतारा होत असेल, तर मात्र थांबू नये. सक्तीच्या शिक्षणाच्या त्या २००९ च्या कायद्याचे कलम १७ शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक छळालाही मनाई करते.

आणि घर? शाळेला दोष देणाऱ्या कित्येक घरांत जेवणाच्या ताटावर आलेला 'पण का?' हा प्रश्न 'जास्त शहाणपणा नको' या तीन शब्दांत मिटवला जातो. मोबाइलवर आलेला इतिहास मोठी माणसे शहानिशा न करता पुढे पाठवतात आणि मूल ते पाहत असते. संध्याकाळी 'आज काय शिकवले?' याऐवजी 'आज तुला काय विचारावेसे वाटले?' असे विचारून पाहावे. पहिले आठ दिवस उत्तर येणार नाही, नंतर येऊ लागते. एकाच घटनेची बातमी दोन वेगळ्या वृत्तपत्रांत वाचायला द्यावी आणि कोणत्या पत्राने कोणाला आधी बोलू दिले, हे मुलाला ओळखायला सांगावे. आपले मत सांगताना 'हे माझे मत आहे, आजोबांचे वेगळे आहे, त्यांनाही विचार' एवढी पुस्ती जोडावी. आजीच्या लहानपणी गावातल्या विहिरीवर कोण पाणी भरू शकत होते आणि कोण नाही, हे आजीकडून ऐकणे इतिहासाच्या धड्याइतकेच मोलाचे आहे.

महाराष्ट्राला हे परके नाही. १८८२ मध्ये हंटर शिक्षण आयोगापुढे निवेदन देताना जोतीराव फुल्यांनी प्राथमिक शाळेत मोडी-बाळबोध, हिशेब, इतिहास, भूगोल यांबरोबर शेतीचे आणि आरोग्याचे ज्ञान मागितले होते, म्हणजे कुणब्याच्या मुलाला आपल्या जगण्याशी ताडून पाहता येईल असे शिक्षण. एका शतकानंतर, १९८५ मध्ये, लीलाताई पाटील यांनी कोल्हापुरात सृजन आनंद विद्यालय सुरू केले आणि मराठी माध्यमाच्या साध्या शाळेत मुलांच्या प्रश्नांभोवती तास बांधता येतो, हे दाखवून दिले. अशा शाळा आजही राज्यात आहेत, काही जिल्हा परिषदेच्या आहेत. आपल्या परिसरातली अशी एक शाळा शोधून पालकांनी तिथे एक सकाळ बसून यावे. चांगला वर्ग कसा ऐकू येतो, हे एकदा कानांना कळले की आपल्या मुलाच्या शाळेत काय मागायचे ते कोणी सांगावे लागत नाही.

पुढच्या पालकसभेला जाताना गुणपत्रिकेबरोबर मुलाची मराठीची वहीही न्यावी. स्वमताचे पान उघडून बाईंना दाखवावे आणि विनंती करावी की, या वर्षी निदान एका धड्याचे स्वमत फळ्यावर लिहून देऊ नका. मुलाचे उत्तर मोडकेतोडके येईल, शुद्धलेखन चुकेल, एखादा गुण कमीही मिळेल. तो गुण गेला तर चालेल, असे पालकांनी त्याच सभेत, सगळ्यांसमोर सांगावे.